विनोदाचा सातबारा

अमेरिकन रेडिओवरच्या विनोदाचा इतिहास बहुतेक वेळा नटांच्या बाजूने सांगितला जातो. १९३० आणि १९४० च्या दशकांत रेडिओचे राज्य होते, १९५० च्या आगेमागे टेलिव्हिजन आला, ज्यांचा चेहरा चालला ते तरले आणि ज्यांचा नुसता आवाज चालत होता ते मागे पडले, असा त्याचा गोषवारा. जॅक बेनी तरला, ल्युसिल बॉल रेडिओवर होती त्याहून कितीतरी मोठी झाली, फ्रेड ॲलन बुडाला. यात खोटे काही नाही. पण ही माणसे जे बोलत होती ते टाइपरायटरवर बडवून काढणाऱ्यांच्या टेबलाकडून पाहिले, तर हाच काळ निराळा दिसू लागतो. तिथून पाहताना आवाजाकडून चित्राकडे झालेली उडी फारशी मोठी वाटत नाही. विनोदी लेखनाचे कसब रेडिओवर पंधरा-सोळा वर्षांत जवळजवळ पुरते घडले होते आणि टेलिव्हिजनने ते बव्हंशी आहे तसे उचलले. खरा पालट झाला तो मालकीत. दर आठवड्याला हशे पुरवणारा पगारी माणूस आपण घडवलेल्या पात्रात वाटा मागू शकतो का, हा प्रश्न रेडिओवर क्वचितच उभा राहिला. फिल्मवर उतरवलेल्या टेलिव्हिजनवर तो टाळता येईनासा झाला. म्हणून या धंद्याचा इतिहास नुसत्या हशांचा लिहून भागत नाही, त्याचा सातबारा काढावा लागतो: जमीन कसली कोणी आणि उतारा निघाला कोणाच्या नावावर.

हा लेखक जन्माला आला तो रेडिओच्या भुकेपोटी. त्याआधीची वॉडव्हिलची रंगभूमी विनोदी नटाला मोठ्या काटकसरीत जगू देई. दहा-पंधरा मिनिटांचा एक प्रवेश नीट बसवला की तो घेऊन गावोगाव फिरायचे. आज शिकागो, पुढच्या आठवड्यात क्लीव्हलंड. प्रेक्षक बदलत, विनोद तोच राही, आणि एका प्रवेशावर वर्षानुवर्षे पोट भरे. रेडिओने हे गणित मोडले. जे साहित्य काही वर्षे पुरले असते ते एका संध्याकाळी सगळ्या देशाने ऐकले, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी, त्याच लोकांपुढे, नवा अर्धा तास उभा करणे आले. हंगाम ३९ आठवड्यांचा. त्यात एनबीसी आणि सीबीएस या दोन मोठ्या प्रसारण कंपन्यांना ध्वनिमुद्रित कार्यक्रमांचे वावडे होते. सगळे थेट हवे. पूर्व किनाऱ्यासाठी एकदा आणि तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यासाठी पुन्हा, असे अनेक कार्यक्रम एकाच रात्री दोनदा सादर होत. १९४६ मध्ये बिंग क्रॉसबीने एबीसीवर आपला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे ही शिस्त सैल झाली. तोवर लेखकाची आठवडाभराची मेहनत प्रक्षेपण संपताक्षणी संपे. ती तशीच्या तशी पुन्हा विकता येत नव्हती, म्हणून ती कोणाची हा प्रश्नही कोणाला पडत नव्हता.

बेनीचा स्वतःचा कार्यक्रम २ मे १९३२ रोजी सुरू झाला. प्रायोजक कॅनडा ड्राय ही पेयांची कंपनी. लेखक होता हॅरी कॉन. तो पूर्वी वॉडव्हिलमध्ये नाचत असे, पुढे जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांच्यासाठी लिहू लागला होता. सुट्या विनोदांवर ३९ आठवडे निघत नाहीत हे या दोघांना लवकरच कळले. विनोद ऐकला की शिळा होतो. स्वभाव होत नाही. कंजूष माणसाचा कंजूषपणा लोकांना एकदा पटला की त्यानंतर त्याला नुसते हॉटेलचे बिल दाखवले तरी पुरते. हळूहळू रेडिओवर एक माणूस आकार घेऊ लागला: चिकट, पोकळ ऐटीचा, व्हायोलिन भिकार वाजवणारा, हाताखालच्या लोकांकडून सतत टोमणे खाणारा. खऱ्या बेनीचा हात सढळ होता, ही गोष्ट त्याच्याबरोबर काम केलेले लोक आवर्जून सांगत. कॉननंतर बिल मॉरो आणि एड बेलोइन आले; १९४३ पासून सॅम पेरिन, जॉर्ज बाल्झर, मिल्ट जोसेफ्सबर्ग आणि जॉन टॅकाबेरी ही चौकडी बसली. प्रत्येक फळीने या माणसाच्या संसारात भर घातली. एडी अँडरसनचा रॉचेस्टर १९३७ मध्ये आला. मग ती खिळखिळी मॅक्सवेल मोटार आली, जिचे खोकणे मेल ब्लँक तोंडाने काढत असे. तळघरातली तिजोरी आली. आणि कधीही ३९ च्या पुढे न सरकणारे वय आले.

२८ मार्च १९४८ च्या भागातला एक प्रसंग अमेरिकन विनोदाच्या चर्चेत हटकून निघतो. रात्री रस्त्यात लुटारू बेनीला गाठतो आणि पैसे हवेत की जीव असे विचारतो. बेनी गप्प. लुटारू पुन्हा खेकसतो, तेव्हा उत्तर येते की मी विचार करतोय. हे उत्तर सुचले कसे, तर जोसेफ्सबर्गने नंतर लिहिल्याप्रमाणे लुटारूचा प्रश्न कागदावर आला होता आणि पुढे गाडी अडली होती. टॅकाबेरी आडवा पडून होता, काही बोलेना, म्हणून जोसेफ्सबर्गने त्याला डिवचले आणि तो वैतागून म्हणाला की विचार करतोय. हा हशा रेडिओच्या इतिहासातला सर्वात लांब होता अशी आख्यायिका आहे. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि ते ऐकले की हशा आख्यायिकेपेक्षा बराच आखूड निघतो. त्याची लांबी मोजण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे हे की लोक उत्तर येण्याच्या आधी, नुसत्या शांततेवर हसले. रेडिओवर शांतता म्हणजे एरवी अपघात. ती विनोदी व्हायला आधीची सोळा वर्षे लागली होती, आणि ती सोळा वर्षे कागदावर लिहिली गेली होती.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ती शांतता किती धरायची हे कुठल्या लेखकाला लिहून देता येते? बेनीचे विरामावरचे प्रभुत्व त्याचे स्वतःचे होते, आणि संहितेतले काय ठेवायचे, काय काढायचे याची त्याची पारख लेखकांनीही मान्य केली होती. मग त्याच्या यशातले मोठे माप त्याच्याच पदरात पडले तर बिघडले काय? या आक्षेपाच्या बाजूने सर्वात मोठा साक्षीदार खुद्द हॅरी कॉन आहे. बेनी आपणच घडवला असे त्याचे ठाम मत झाले होते. १९३६ मध्ये दोघांचे बिनसले आणि तो बाहेर पडला. पुढे सीबीएसवर त्याने स्वतःलाच पुढे करून एक कार्यक्रम काढला. तो चालला नाही. इकडे बेनी मॉरो आणि बेलोइनच्या साथीने आणखी वर चढला. म्हणजे लेखकाला पात्र बगलेत मारून दुसरीकडे नेता येत नाही, हे सिद्धच झाले. पण याच पुराव्याची दुसरी बाजू सहसा वाचली जात नाही. कॉन गेला तरी पात्र टिकले, मॉरो आणि बेलोइन गेले तरी टिकले, आणि नव्या चौकडीच्या हातात ते आणखी भरले. ते एकट्या कॉनचे नव्हते, तसे एकट्या बेनीचेही नव्हते. अनेकांच्या श्रमातून साचलेली ती वेगळीच एक वस्तू होती, आणि ती एकाच्या नावावर लागली होती.

मराठी वाचकाला हे उफराटे वाटेल. आपल्याकडे चिमणराव म्हटले की आधी चिं. वि. जोशी आठवतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव उभा केला, घरोघरी तोच चेहरा ठसला, तरी चिमणराव चिं. विं.चाच राहिला, कारण पात्र आधी पुस्तकात जन्मले होते आणि पुस्तकावर लेखकाचे नाव होते. अमेरिकन रेडिओवरच्या पात्राला असे पुस्तक नव्हते, आणि पंचाईत अशी की पात्राचे नावच नटाचे नाव होते. जॅक बेनी हा जॅक बेनीची भूमिका करत असे. अशा वेळी लेखकाचे नाव ठळकपणे पुढे आले तर खेळाचा डोलाराच कोसळणार. श्रोत्याला वाटायला हवे की हा माणूस असाच आहे आणि हे त्याला आत्ता सुचले आहे. लेखकाचे अदृश्य राहणे हा निव्वळ अन्याय नव्हता, तो त्या विनोदप्रकाराचा नियम होता. बेनीने आपल्या लेखकांना वर्षानुवर्षे सांभाळले, चांगले पैसे दिले. पेरिन आणि बाल्झर त्याच्यासोबत टेलिव्हिजनवरही दीर्घकाळ राहिले. त्यांना नाडले असे कोणी म्हणू नये. प्रश्न पगाराचा नव्हताच.

तो किती निराळा होता हे १९४८ मध्ये उघड झाले. त्या काळी कार्यक्रमाची सूत्रे प्रायोजक आणि त्याच्या जाहिरातसंस्थेच्या हाती असत. प्रसारण कंपनी वेळ विकायची, एवढेच. सीबीएसच्या विल्यम पेलीला ही सूत्रे आपल्याकडे हवी होती, आणि त्यासाठी त्याने आयकराचा एक बारीक दरवाजा शोधून काढला. मोठ्या नटाच्या उत्पन्नाला ७७ टक्क्यांपर्यंत कर लागे. मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर तो २५ टक्के होता. मग नटाने पगार घेण्याऐवजी आपला कार्यक्रम मालमत्ता म्हणून विकावा. ‘एमॉस अँड अँडी’च्या फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल यांनी १९४८ मध्ये आपली पात्रे सुमारे २० लाख डॉलर्सना सीबीएसला दिली. पाठोपाठ बेनीची कंपनी विकत घेतली गेली आणि २ जानेवारी १९४९ पासून तो एनबीसी सोडून सीबीएसवर बोलू लागला. करखात्याने बेनीच्या व्यवहाराला हरकत घेतली, प्रकरण कर न्यायालयात गेले, आणि निकाल बेनीच्या बाजूने लागला. रेडिओवरचा विनोदी माणूस ही भांडवली मालमत्ता आहे, यावर एका अर्थी न्यायालयाचाच शिक्का बसला. ज्यांनी ती मालमत्ता आठवड्यागणिक वाढवली होती ते लेखक मात्र आधी पगारावर होते आणि नंतरही पगारावरच राहिले.

रेडिओवर याला अपवाद होते, आणि ते बोलके आहेत. ‘फिबर मॅगी अँड मॉली’ हा कार्यक्रम १६ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाला. त्याचा लेखक डॉन क्विन पूर्वी व्यंगचित्रे काढत असे. जिम आणि मॅरियन जॉर्डन या नवराबायकोशी त्याची शिकागोत, तिघेही धडपडत असतानाच, भागीदारी जमली आणि कार्यक्रम गाजल्यावरही ती राहिली. कपाट उघडताच आतला सगळा पसारा धडाधड बाहेर कोसळतो, हा त्यांचा १९४० पासूनचा लाडका प्रकार. निव्वळ आवाजावर उभा केलेला दृश्य विनोद. गर्ट्रूड बर्ग त्याहून पुढची. न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबाची ‘द गोल्डबर्ग्ज’ ही मालिका तिने १९२९ मध्ये रेडिओवर आणली. लिहायची तीच, मॉली गोल्डबर्ग व्हायची तीच, आणि १९४९ मध्ये तीच ती टेलिव्हिजनवर घेऊन गेली. गॉस्डेन आणि कॉरेलही कित्येक वर्षे आपले आपणच लिहीत. म्हणजे वाटा मिळाला तो दोघांना: जो लेखक स्वतःच नट होता त्याला, नाहीतर नाव होण्याआधी भागीदार झालेल्याला. यशस्वी नटाकडे मागाहून नोकरीला आलेल्याला तो मागायची सोयच नव्हती.

मालकी म्हणजे न्याय असेही समजू नये. एमॉस आणि अँडी ही कृष्णवर्णीय पात्रे होती आणि त्यांचे आवाज, त्यांचे लेखन, त्यांचे हक्क सगळे दोन गोऱ्या माणसांचे. ज्यांच्या जगण्याची टिंगल २० लाखांना विकली गेली त्यांना या सौद्यात काहीच स्थान नव्हते. १९५१ मध्ये मालिका कृष्णवर्णीय नट घेऊन टेलिव्हिजनवर आली तेव्हा एनएएसीपी या संघटनेने तिचा जाहीर निषेध केला, आणि दोन हंगामांत ती थांबली. बर्गचा अनुभव वेगळ्या तऱ्हेने कडू. १९५० च्या जूनमध्ये ‘रेड चॅनेल्स’ या पुस्तिकेने मनोरंजन क्षेत्रातल्या कथित कम्युनिस्ट हस्तकांची यादी छापली. त्यात तिच्या नवऱ्याची भूमिका करणारा फिलिप लोब होता. त्याला काढायला ती तयार नव्हती. पुढल्या वर्षी प्रायोजकाने अंग काढून घेतले, सीबीएसने कार्यक्रम सोडला, आणि १९५२ मध्ये तो एनबीसीवर परतला तो लोबशिवाय. लोबने १९५५ मध्ये आत्महत्या केली. लेखिका, नायिका आणि मालकीण तिन्ही एकच असूनही जाहिरातदारापुढे तिचे चालले नाही.

पण या सगळ्या कहाणीतला कळीचा प्रसंग ‘आय लव्ह ल्युसी’चा आहे, आणि तिथे दोन्ही धागे, कसबाचा आणि मालकीचा, एकत्र येतात. ल्युसिल बॉल १९४८ पासून सीबीएस रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ ही मालिका करत होती. बँकेत काम करणारा नवरा आणि त्याची बायको लिझ. मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरल ज्युनियर हे सीबीएसच्या नोकरीतले तरुण लेखक त्या मालिकेत शिरायला इतके आतुर होते की ते ज्याच्यासाठी लिहीत त्या स्टीव्ह ॲलनला त्यांनी पदरचे पैसे देऊन एक आठवडा त्याचा त्यालाच लिहायला लावले, आणि मोकळ्या वेळात नमुन्याची संहिता तयार केली. तिथे आलेला तिसरा लेखक जेस ऑपनहायमर. तो आधी फॅनी ब्राइसच्या ‘बेबी स्नूक्स’वर होता, प्रौढ नटीने केलेली खोडकर, हट्टी, क्षणात रडणारी लहान मुलगी. त्याने लिझमध्ये तोच पोरकटपणा मिसळला, आणि शहाणी गृहिणी जाऊन तिच्या जागी हट्ट घेऊन बसणारी, खोटी योजना आखणारी, पकडली गेली की भोकाड पसरणारी बाई आली. बॉल माइकसमोर कागद धरून उभी राहायची. प्रेक्षकांसमोर मोकळे कसे व्हायचे ते पाहण्यासाठी ऑपनहायमरने तिला जॅक बेनीच्या प्रक्षेपणाला धाडले. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएस टेलिव्हिजनवर ल्युसी रिकार्डो अवतरली ती अशी: स्नूक्सपासून लिझ, लिझपासून ल्युसी. हेच तीन लेखक, आणि पहिल्या हंगामांतल्या कित्येक भागांचे कथानक रेडिओच्या जुन्या संहितांमधून सरळ उचललेले.

दृश्य विनोद रेडिओच्या लेखकाला कुठून यायचा, हा दुसरा आक्षेप इथेच तपासून घेता येतो. चॉकलेटच्या कारखान्यातला सरकता पट्टा (तो भाग सप्टेंबर १९५२ चा) किंवा द्राक्षे तुडवण्याचा हौद या गोष्टी कानाने कळत नाहीत. पण ल्युसीच्या संहितांमध्ये या हालचाली पायरीपायरीने, मोठ्या अक्षरांत टाइप केलेल्या असत, आणि त्या खरोखर करता येतात का हे प्यू आधी स्वतः करून पाहत असे. ज्यांनी वर्षानुवर्षे आवाजातून कपाट कोसळवले होते त्यांना कपाटात काय काय भरायचे ते पाठ होते. शिवाय त्या पट्ट्यावर हसू येते ते चॉकलेटला नव्हे. आपण निभावून नेऊ अशा खोट्या ऐटीत असलेल्या ल्युसीला येते, आणि ती ऐट रेडिओची.

फ्रेड ॲलनचे उदाहरण नेहमी उलट बाजूने दिले जाते. अतिशय तल्लख, शब्दांवर जगणारा, आपल्या संहितेवर शेवटचा हात स्वतः फिरवणारा हा माणूस टेलिव्हिजनवर वारंवार अपयशी ठरला आणि १९५६ मध्ये वारला. मग रेडिओचा विनोद चित्रात टिकत नाही हेच खरे ना? उत्तरादाखल त्याच्याच टेबलावर बसणाऱ्या नॅट हायकेनकडे पाहावे. ॲलनच्या रेडिओ कार्यक्रमाचा तो प्रमुख लेखक होता. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याने फिल सिल्व्हर्ससाठी सार्जंट बिल्को निर्माण केला: सैन्याच्या छावणीत बसून दिवसभर पैसे लुबाडण्याच्या क्लृप्त्या काढणारा, भडाभडा बोलणारा ठक. बिल्कोचे शस्त्र शब्दच. मालिकेने विनोदी मालिकेची एमी पारितोषिके लागोपाठ तीन वर्षे घेतली. ॲलनच्या रेडिओतले जे टेलिव्हिजनवर जाण्यासारखे होते ते त्याच्या लेखकाच्या हातून गेले. हायकेन दोन हंगामांत दमून बाजूला झाला, ती गोष्ट वेगळी. इतरांची वाटही अशीच. ‘एमॉस अँड अँडी’साठी लिहिणाऱ्या जो कॉनली आणि बॉब मोशर यांनी १९५७ मध्ये ‘लीव्ह इट टू बीव्हर’ आणली, पॉल हेनिंग फिबर मॅगी आणि बर्न्स-ॲलन यांच्याकडून १९६२ च्या ‘बेव्हर्ली हिलबिलीज’पर्यंत पोहोचला, बॉब होपकडे उमेदवारी केलेल्या शेरवूड श्वार्ट्झने १९६४ मध्ये ‘गिलिगन्स आयलंड’ उभारले.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. टेलिव्हिजनवरच्या विनोदाचा दुसरा मोठा झरा रेडिओतून आलेला नव्हता. सिड सीझरचा ‘युअर शो ऑफ शोज’ १९५० ते १९५४ या काळात दर शनिवारी नव्वद मिनिटे थेट प्रक्षेपित होई, आणि त्याच्या खोलीत मेल टोल्किन, ल्युसिल कॅलन, मेल ब्रूक्स, पुढे नील सायमन असे लेखक होते. त्यांची पाळेमुळे रंगभूमीवरच्या नाट्यप्रवेशांत आणि उन्हाळी विश्रामस्थळांच्या करमणुकीत होती. लेखनाची प्रतिभा मोजायची तर ही खोली ल्युसीच्या टेबलापेक्षा उजवी ठरेल, असे माझेही मत आहे. पण धंदा म्हणून ती वाट १९५७ पर्यंत आटत आली. नव्वद मिनिटांचे थेट प्रवेश पुन्हा दाखवायचे म्हटले तर हाती उरत होते ते पडद्यावरून टिपलेले पुसट चित्रण. सीझरचे लेखक रेडिओवाल्यांच्याच दुखण्यातून गेले: शनिवारी लिहिलेले शनिवारी संपले.

ल्युसी संपली नाही, आणि त्याचे कारण साहित्यिक नव्हतेच. बॉल आणि तिचा नवरा डेझी आर्नाझ यांना कॅलिफोर्निया सोडून न्यूयॉर्कला जायचे नव्हते, म्हणून मालिका थेट दाखवण्याऐवजी प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर घ्यायचे ठरले. खर्च वाढला, त्यापोटी दोघांनी मानधन कमी घेतले आणि फिल्मची मालकी आपल्या डेसिलू कंपनीकडे ठेवली. बॉलच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या सुमारास जुने भाग नवी सुरुवात जोडून पुन्हा दाखवावे लागले आणि लोकांनी ते आनंदाने पुन्हा पाहिले. ज्या मालाला उद्याची किंमत नसते त्याच्या मालकीसाठी कोणी भांडत नाही. आता उद्याची किंमत दिसू लागली. ऑपनहायमर यात इतरांपेक्षा सावध होता. १९५१ च्या मार्चमध्ये, मालिकेचा पहिला भाग पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधी, त्याने तिची कल्पना एका पानावर टाइप करून एक डॉलर शुल्क भरून पटकथालेखकांच्या संघटनेत नोंदवली, आणि मालिकेत स्वतःचा हिस्साही मिळवला. १९५६ मध्ये तो मालिका सोडून गेला. १९६२ मध्ये ल्युसिल बॉल वेगळे आडनाव आणि वेगळे घर घेऊन ‘द ल्युसी शो’ करू लागली, तेव्हा ही ल्युसी माझ्याच ल्युसीवरून उचललेली आहे म्हणत त्याने दावा लावला, आणि तडजोडीत त्याला पैसे मिळाले. कॉनच्या १९३६ च्या तक्रारीत आणि या दाव्यात मागणी जवळपास एकच आहे. मधल्या काळात एक पान कागद आणि फिल्मचे डबे आले होते.

सगळे हिशेबातच बसवायचे, तर विनोदाच्या गुणवत्तेचे काय, असे कोणी विचारील. रास्त आहे. पण इथे हिशेबानेच गुणवत्ता कुठल्या बाजूला वळेल ते ठरवले. बॉब होपचे उदाहरण घ्या. १९३८ च्या पेप्सोडेंट कार्यक्रमापासून त्याने लेखकांची फौज बाळगली; ताज्या बातम्यांवर झटपट चुटके मागवायचा, त्यातले निवडून वापरायचा आणि उरलेले जपून ठेवायचा. त्याची ही पेढी पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली, ८५,००० हून अधिक पाने. सगळ्यावर हक्क होपचा. तरीही त्यातला बहुतेक माल त्या त्या आठवड्याच्या बातमीसोबत विझलेला आहे. लेखकसंघटनांनी १९५३ च्या सुमारास पुनःप्रक्षेपणाचा मोबदला मिळवला, तोही ठरावीक खेपांपुरता, आणि १९७७ मध्ये तो कायमचा करून घेतला. तेव्हा त्याचे मोल कळले ते पात्रांवर चालणाऱ्या मालिका लिहिणाऱ्यांना. शहाणा तरुण लेखक चुटक्यांकडून पात्रांकडे वळला त्यात कलेची ओढ होती, तशी भाकरीचीही होती. रेडिओच्या भुकेने जे कसब शिकवले त्याला फिल्मने किंमत दिली, एवढे म्हणायला हरकत नाही.

या धंद्यातल्या कोणाला हे सगळे पुरते उमगले असेल तर कार्ल रायनरला. सीझरच्या कार्यक्रमात तो नट होता आणि लेखकांच्या खोलीत त्याची ऊठबस होती. त्या खोलीवरच त्याने मालिका बेतली: एका नामांकित विनोदी नटासाठी लिहिणारे तिघे, त्यांतल्या एकाचे घर आणि संसार. त्याने तेरा भाग एकहाती लिहून ठेवले आणि नायकाचे काम स्वतः करून नमुना भाग काढला. तो कोणी घेतला नाही. मग निर्माता शेल्डन लेनर्ड याच्या सल्ल्यावरून त्याने नायकाची जागा सोडली, डिक व्हॅन डाइकला घेतले, आणि ३ ऑक्टोबर १९६१ रोजी ‘द डिक व्हॅन डाइक शो’ सीबीएसवर सुरू झाला. विनोदी लेखक प्रथमच एवढ्या ठळकपणे पडद्याच्या मध्यभागी आला होता. ज्याच्यासाठी हे लेखक राबतात तो बडा नट ॲलन ब्रेडी सुरुवातीच्या हंगामांत पाठमोराच दिसे. त्याचा आवाज ऐकू येई, चेहरा नाही. मालिकेची मालक कंपनी होती कॅलवाडा. कार्ल, लेनर्ड, व्हॅन डाइक आणि त्यांचा चौथा भागीदार डॅनी टॉमस यांच्या नावांचे तुकडे जोडून ते नाव केले होते. पाठमोऱ्या ब्रेडीची भूमिका रायनरने स्वतःकडेच ठेवली होती, आणि कंपनीच्या नावातले पहिले अक्षरही त्याचेच होते.